प्रमिला, ती केस मी जिंकले होते

प्रमिला,

परवा गोंदियात तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता. बाहेर चपलांना जागा उरली नव्हती. तुझ्या फोटोला झेंडूचा हार घातला होता आणि एकामागून एक माणसं उठून तुला निर्भीड म्हणत होती. कुणी हिंदीत सांगितलं, "दीदी किसी से डरती नहीं थी." कुणी म्हणालं, झाडीबोलीला तू मान मिळवून दिलास. यातलं काही खोटं नाही. पण त्या दीड तासात यमुनाबाईंचं नाव एकानेही काढलं नाही.

शेवटी सूत्रसंचालक माझ्याकडे वळला. "वकीलबाई, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण. दोन शब्द बोला." मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नसेल. तसं नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते त्या हॉलमध्ये सांगण्याची माझी छाती झाली नाही. आता घरी बसून तुलाच सांगते. तुला यातलं बरंचसं माहीत आहे. दोन गोष्टी माहीत नाहीत.

आपण वसतिगृहात एका खोलीत आलो तेव्हा तू बोदलकशाकडची आणि मी सौंदडची. शहरातल्या पोरी हिंदी बोलायच्या आणि आपल्या "जाऊन राहिली, येऊन राहिली"ला हसायच्या. मी सहा महिन्यांत माझी भाषा धुऊन स्वच्छ केली. तू एक अक्षर बदललं नाहीस. "मी काऊन बदलू? त्याइले समजत नसन तर त्याइनं शिकावं," असं तू सरळ जेवणाच्या पंगतीत म्हणालीस. पुढे मी वकील झाले आणि कोर्टाच्या भाषेत पक्की रुतले. तू मोबाईलवर बातम्या सांगायला लागलीस आणि ज्या बोलीला पोरी हसल्या तिनेच तुला नाव दिलं. तिरोड्यापासून अर्जुनीपर्यंत बायका हातातलं काम ठेवून तुझा कार्यक्रम पाहायच्या. माझ्या सासूबाई कुठल्याच बातमीवर विश्वास ठेवत नसत. पण तुझ्या तोंडून ऐकलं की म्हणत, आपली पोरगी सांगून राहिली म्हंजे खरंच असन.

त्याच विश्वासावर ती बातमी गेली.

सौंदडजवळच्या एका गावात बारशाच्या जेवणानंतर लोक आजारी पडले. उलट्या, जुलाब. लहान मुलं जास्त. त्याच सकाळी कुणीतरी तुला एक व्हिडिओ पाठवला. तलावाच्या काठावर मेलेल्या माशांचा थर आणि बाटली घेऊन उभा असलेला एक माणूस. तलाव कुठला, माणूस कोण, काही कळत नव्हतं. बारशाच्या जेवणात मासोऱ्या होत्या एवढं मात्र खरं होतं आणि त्या यमुनाबाईंकडून घेतल्या होत्या. त्या मासेमार ढिवराच्या घरच्या, गावच्या तलावातली मासोरी सौंदडच्या बाजारात विकणाऱ्या. माझ्या लग्नाआधीपासून त्यांची बसायची जागा ठरलेली होती.

दुपारी तू कार्यक्रम केलास. व्हिडिओ दाखवलास. "तलावात औषध टाकून मासोऱ्या मारतात, आन् तेच आपल्या लेकराइच्या ताटात येते, असं लोक म्हणून राहिले," असं म्हणालीस. आणि मग सौंदडच्या बाजारातली यमुनाबाई असं नाव घेऊन तू लोकांना विचारलंस, की आता ही बाई बाजारात बसू द्यायची का.

मी तेव्हा ऑफिसात होते. मीही तो पाहिला. खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी बोललं.

लोकांनी तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्याच आठवडी बाजारी दिलं. यमुनाबाईंचं टोपलं उलटं केलं, रोहू मातीत गेले, झिंगे पायाखाली आले. एक बाई त्यांच्या तोंडावर थुंकली. पोलीस आले ते यमुनाबाईंनाच घेऊन गेले, चौकशीला. त्यांच्या गावातल्या बाकीच्या ढिवरांची मासोरीही कुणी घेईना. त्यांच्या नवऱ्याने जाळं गुंडाळून ठेवलं आणि तो तेलंगणात रस्त्याच्या कामावर गेला.

आठ-दहा दिवसांनी तपासणीचं कळलं. स्वयंपाकाला ज्या विहिरीचं पाणी वापरलं होतं ते खराब होतं. मासोरीत काही नव्हतं. तो व्हिडिओ तर दुसऱ्या कुठल्या राज्यातला, कितीतरी जुना निघाला.

तू त्याच संध्याकाळी माझ्याकडे आलीस. पदर सारखा नव्हता, चेहरा उतरलेला होता. बसलीही नाहीस.

"मंगला, मी आजच सांगून टाकतो लोकाइले. चूक झाली म्हणून."

मी टेबलावरचा कागद तुझ्यापुढे सरकवला. यमुनाबाईंच्या वकिलाची तुला त्याच दिवशी आलेली बदनामीची नोटीस, तूच सकाळी माझ्याकडे पाठवलेली.

"आता तू एक शब्द बोलायचा नाही," मी म्हणाले. "बोललीस की ती कबुली होते. तेच वाक्य उद्या कोर्टात तुझ्याविरुद्ध वाचतील."

"पण खोटं हाये ना ते. लोक अजून पाहून राहिले."

"पाहू दे. केस संपली की सांग."

"केस कधी संपन?"

मी नोटिशीची घडी करून फाईलमध्ये ठेवली. वकिलाला हे उत्तर माहीत असतं.

तू दारापर्यंत जाऊन थांबलीस. मग म्हणालीस, "तुले जास्त समजते," आणि खुर्चीत बसलीस. मी तुला चहा दिला. तुला आठवत असेल, मी तेव्हा तुझ्या हातावर हात ठेवला होता. मला वाटत होतं, मी तुला वाचवते आहे.

तुझ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तेवढा तू काढून टाकलास, गुपचूप, काही न सांगता. पण तोवर तो घराघरात साठवला गेला होता. आणि काढण्यामागचं कारण तू सांगितलं नाहीस म्हणून लोक म्हणाले, प्रमिलाबाईवर मोठ्या लोकांचा दबाव आला. तुझं नाव आणखी मोठं झालं.

केस तालुक्याच्या कोर्टात तीन वर्षं चालली. यमुनाबाई प्रत्येक तारखेला यायच्या. एकच निळं लुगडं, हातात पिशवी. बाजारातला एकही माणूस त्यांच्या बाजूने साक्षीला आला नाही. त्यांचा वकील नवखा होता. मोबाईलमधला व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते त्याने जोडलं नाही. मी तेवढ्यावर बोट ठेवलं आणि तुझा सगळा कार्यक्रम पुराव्यातून बाहेर गेला. ज्या गोष्टीने एका बाईचा संसार उधळला ती गोष्ट कोर्टापुरती घडलीच नव्हती.

मग यमुनाबाईंची उलटतपासणी. ती तू मागच्या बाकावरून ऐकलीस. मला ती शब्दशः पाठ आहे.

"तुम्ही तो कार्यक्रम स्वतः पाहिला?"

"नाई. माह्यापाशी तसला मोबाईल नाई."

"मग त्यात तुमचं नाव घेतलं हे तुम्हाला कसं कळलं?"

"बाजारात लोकाइनं सांगतलं."

"म्हणजे ऐकीव माहिती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. "होय बाई, ऐकीवच. लोकाइनंही ऐकूनच माह्या मासोऱ्या फेकल्या."

त्यांना सांगण्यात आलं की विचारलंय तेवढंच बोला. त्यांचं ते दुसरं वाक्य कागदावर आलं नाही. पहिलं आलं आणि मला तेवढंच हवं होतं.

बाहेर व्हरांड्यात तू माझा हात घट्ट धरलास. "मी उठून सांगून टाकू का, होय म्हणून? मी बोलली होती म्हणून?"

"वेडी आहेस का? केस आपल्या हातात आहे."

तू निर्दोष सुटलीस. निकालाच्या दिवशी आपण परत निघालो आणि जेवायला कोहमाऱ्याला थांबलो. ढाबेवाल्याने तुला ओळखलं. स्वतः टेबल पुसलं, आतून चांगल्या खुर्च्या मागवल्या. तू विचारलंस, "मासोरी हाये का?"

"हाये ना ताई. पण आपल्या इथली नाई, बरं का. तुमची बातमी पाहिली आन् त्या दिवशीपासून तलावाची मासोरी बंद केली. आता बाहेरून बर्फातली मागवतो." तो हे अभिमानाने सांगत होता. तुला खूश करायला सांगत होता.

तू ताट पुढे ढकललंस. तो गेल्यावर मला म्हणालीस, "सुटली का मी?"

"सुटलीस. वरच्या कोर्टात त्या जाणार नाहीत. त्यांच्यात ताकद नाही."

"म्हंजे तिच्यात ताकद नाई म्हणून मी सुटली."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी तुला सांगत होते की जबाबदारी म्हणजे जी सिद्ध करता येते ती. नाहीतर ज्याला जे वाटेल ते तो दुसऱ्याच्या माथी मारेल, मग तुझ्या त्या बातमीत आणि न्यायात फरक काय राहील? हे मी आजही म्हणते, प्रमिला. कायदा काटेकोर असावाच लागतो. तू त्यावर म्हणालीस, "कायदा विचारते, हिनं केलं हे दाखवता येते का. मी विचारून राहिली, मी केलं का. हे दोन वेगळे प्रश्न होत. तू एकाचं उत्तर दुसऱ्याले देऊन राहिली."

मी चिडले. म्हणाले, मोठमोठ्या चॅनलवरची माणसं रोज संध्याकाळी सूट घालून याहून भयंकर बोलतात. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसतात. त्यांना कुणी विचारत नाही, आणि तू एका चुकीसाठी जीव काढतेस.

"त्याइले त्याइची यमुनाबाई दिसत नाई," तू म्हणालीस. "ती कुठंतरी दूर राहते. माही सौंदडले राहते. मी त्या रस्त्यानं जातो."

आणि मग म्हणालीस की, लोक बातमीवर विश्वास ठेवत नाहीत, सांगणाऱ्यावर ठेवतात. पुरावा त्यांनी कधी मागितलाच नव्हता. मग पुरावा नाही म्हणून सुटायची सोय तुला कशी घेता येईल? मी बिल मागवलं.

त्यानंतर तू जे केलंस त्याबद्दल शोकसभेत कुणी बोललं नाही, कारण ते कुणाला आवडलं नव्हतं. तू कार्यक्रमात सगळं सांगितलंस. कुणाचं मन दुखावलं असल्यास वगैरे काही नाही. सरळ म्हणालीस, मी खात्री केली नाही, मला सगळ्यांच्या आधी सांगायचं होतं, मी खोटं सांगितलं, यमुनाबाईंचा काही दोष नव्हता. खोट्या बातमीला जेवढे लोक होते त्याच्या पासंगालाही हे पाहणारे नव्हते. जाहिराती देणारे दुकानदार हळूहळू गळाले. एकजण म्हणाला, तुम्हीच म्हणता की खोटं बोलले, मग आमच्या साड्यांचं कोण खरं मानेल?

तू यमुनाबाईंच्या घरी गेलीस. त्यांनी तुला अंगणाच्या आत येऊ दिलं नाही. "माफी नोको मले," त्या म्हणाल्या. "कोर्टात नाई सांगतलं, आता घरी येऊन सांगून राहिली? बाजारात सांग. जिथं फेकल्या तिथं."

हे तू मला फोनवर सांगितलंस आणि विचारलंस, "येतेस का माह्यासंगं?"

मी म्हणाले, मला तारीख आहे.

तारीख नव्हती. ही पहिली गोष्ट, जी तुला माहीत नाही. मी त्या दिवशी सौंदडला आले होते. स्टेशनकडच्या रस्त्यावर चहाच्या टपरीमागे उभी होते, डोक्यावरून पदर घेऊन. तू कांदेवाल्याच्या हातगाडीशेजारी उभी राहिलीस आणि माइकशिवाय बोलायला लागलीस. आधी कुणी थांबेना. मग दहा-बारा माणसं जमली. एक माणूस हसून म्हणाला, "आता काय उपयोग, बाई?" एका म्हातारीने विचारलं, "मग आधी काऊन सांगतलं असं?"

"मोठं व्हायचं होतं मले," तू म्हणालीस. "म्हणून सांगतलं."

मी तुला वसतिगृहापासून लोकांपुढे बोलताना पाहिलं होतं. तुझा आवाज कापताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. यमुनाबाई मागे हात बांधून उभ्या होत्या. तुझं बोलून झालं. त्यांनी मान हलवली नाही, जवळ आल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आज आलेले सगळे त्या दिवशीचे नाईत. पुढच्या बाजारीही ये."

आणि तू गेलीस. पुढच्या बाजारी, त्याच्या पुढच्या बाजारी. पावसाळाभर. तुझ्या ओळखीच्या बायका तुला पाहून दुसऱ्या रांगेने जायच्या. आपल्या वसतिगृहातल्या मैत्रिणींना मीच सांगत होते की प्रमिलाचं डोकं ठिकाणावर नाही. हेही तुला कुणीतरी सांगितलं असेल. तू मला कधी विचारलं नाहीस. फोन करायचीस तो माझ्या गुडघ्याबद्दल, माझ्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल. शेवटचा फोनही तसाच होता. घरात उखळ आहे का विचारलंस, तुला लाखोळीच्या डाळीचं काहीतरी करायचं होतं. मी घाईत होते. नंतर बोलू म्हणाले.

हिवाळा संपताना यमुनाबाई पुन्हा बाजारात बसायला लागल्या. त्यांची जुनी जागा बांगडीवाल्याने घेतली होती. त्या टोकाला, नालीशेजारी बसल्या. नवरा मात्र परत आलेला नाही. जे मोडलं ते सगळं तुझ्या बोलण्याने सांधलं असं मी लिहिणार नाही, तुला ते आवडलं नसतं. थोडंसं सांधलं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. त्या अंगणात झिंगे वाळवत होत्या. मला ओळखलं. बसायला सांगितलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की विहिरीचं खरं कळलं त्याच दिवशी प्रमिला सगळं सांगायला निघाली होती. तिला मी थांबवलं. केस जिंकायची म्हणून मी तिला तीन वर्षं गप्प ठेवलं.

त्या झिंगे पसरत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तिले. खरं समजलं तवाच काऊन नाई सांगतलं? सगळ्यात जास्त मले त्याचंच लागलं होतं."

"मग काय म्हणाली?"

"भ्याली म्हने. केसले भ्याली." त्यांनी हात लुगड्याला पुसले. "तुमचं नाव नाई घेतलं कधी."

ही दुसरी गोष्ट. नाव झाकलंस हे तुला माहीत होतं; ते मला कळलंय, हे तुला माहीत नाही.

तू भ्याली नव्हतीस, प्रमिला. तू माझ्या दारात उभी होतीस, बसायलाही तयार नव्हतीस. मी तुला बसवलं. बाजारात उभी राहून तू स्वतःचं प्रत्येक खोटं दुरुस्त केलंस, आणि हे एक मुद्दाम तसंच ठेवलंस, माझ्यासाठी. मी टपरीमागे पदर ओढून उभी होते तेव्हाही माझा दोष तू तिथे तुझ्या नावावर सांगत होतीस. कोर्टात मी तुला वाचवलं असं मी इतकी वर्षं समजत आले. तू मला कुठे आणि कितीदा वाचवलंस हे त्या अंगणात मला कळलं. तुझे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि थोडा रागही आहे. मला न विचारता तू हे केलंस. विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, हे तुला ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नसशील.

माझ्यावर कुठलीही केस होऊ शकत नाही. मी माझ्या अशिलाला योग्य सल्ला दिला. कायद्याचं कुठलंही पुस्तक उघडलं तरी तेच निघेल, आणि आज नवं कुणी अशील आलं तर मी तोच सल्ला देईन की नाही, मला खात्री नाही. तुझं माझं भांडण अजून माझ्या डोक्यात चालूच आहे. पण तू जे दोन प्रश्न वेगळे केले होतेस त्यातला दुसरा आता मला विचारला गेला आहे, आणि त्याचं उत्तर हो असं आहे.

मी यमुनाबाईंना म्हणाले, "मी बाजारात येऊन हे सांगितलं तर चालेल का?"

त्यांनी झिंग्यांवर जाळी टाकली, तिच्या कडांना दगड ठेवले आणि म्हणाल्या, "सकारीच या. दुपारी लोक नसतात."